शेवटची सोळा पानं

भात पिवळं पडायला लागलं की माझी पाठ आधीच दुखायला लागते. कापणीला अजून आठवडा असतो, विळ्यांना धारही लावलेली नसते, तरी पाठीला कसं कळतं कोण जाणे. पावसाने धुऊन काढलेलं आकाश आणि त्यातून सरळ डोक्यावर पडणारं ऑक्टोबरचं ऊन. आमच्या चांदीपहून सकाळची एसटी निघते तेव्हा खिडकीतून शेतातल्या आटत्या पाण्याचा वास येतो आणि वाटतं, यंदा नको, यंदा जरा थांबा. हे मी कुणाला म्हणते तेही मला ठाऊक नसतं. कापणी थांबत नाही आणि परीक्षाही थांबत नाही. दोन्ही दरवर्षी हातात हात घालून येतात.

आता मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. मी सांगते आहे तो ऑक्टोबर दोन वर्षांपूर्वीचा. अजूनही बाजारात कुणी सुकटीची पुडी हातात दिली की मी आधी कागद वाचते. सोबतच्या मैत्रिणी हसतात. हसू देत. त्यांना सगळं सांगायचं म्हणजे फार मागे जावं लागतं, आणि तेवढा दम हल्ली माझ्यात उरत नाही. म्हणून इथे लिहिते.

आमच्या घरात कॉलेजला जाणारी मी पहिली. घरात पुस्तकं होती ती शाळेची. वर्ष संपलं की ती धाकट्या चुलतभावाकडे जायची, त्याच्या हातून सुटी होऊन परत यायची आणि माझी आय त्यांनी चूल पेटवायची. सुटं पान चुलीचं, हे मला कुणी मुद्दाम शिकवलं नव्हतं. मीठ डब्यात असतं, विळा आढ्याला खोचलेला असतो, तसंच ते.

पहिली जुनी भयकादंबरी मला विरारला रद्दीच्या दुकानात मिळाली. मी गेले होते इंग्रजीचं गाइड शोधायला. ढिगातून एक जाडसर पुस्तक निघालं. कागद तपकिरी पडलेला, कडा बिस्किटासारख्या मोडणाऱ्या. आत ‘घरांत’, ‘नाहीं’ असे सगळीकडे अनुस्वार, अक्षरांवर मुंग्या बसल्यासारखे. एका पानावर चित्र होतं. कंदील घेतलेला माणूस, आणि भिंतीवर पडलेली त्याची सावली मात्र पाठमोरी. माझी आजी जन्माला यायच्या आधी ते छापलेलं होतं. गाइड राहिलं आणि मी ते घेऊन आले.

त्यात मला काय आवडलं हे नीट सांगता येत नाही. त्या गोष्टींतली माणसं विहिरीला भीत होती, आरशाला भीत होती, बंद खोलीला भीत होती. मी तेव्हा इंग्रजीच्या तासाला भीत होते. वर्गात सरांनी नाव घेतलं की माझा आवाज अर्धाच बाहेर यायचा. त्या पुस्तकांतल्या भीतीला निदान एक विहीर होती, तिच्याकडे बोट दाखवता येत होतं. माझ्या भीतीला असं काहीच नव्हतं. कदाचित म्हणून असेल. मग मी तशी पुस्तकं शोधायला लागले. ती सहजासहजी मिळत नाहीत. लोकांनी ती वाचून वाचून संपवलेली असतात, आणि अशी पुस्तकं जपून ठेवावीत असं कुणाला वाटलेलं नसतं. वर्षभरात माझ्याकडे तीन जमली. मी ती वाचली भर दुपारी, शेताच्या बांधावर, पाखरं हाकता हाकता. भुतांची माझी ओळख सगळी उन्हातली.

त्या ऑक्टोबरात वसईच्या बाजारातलं एक जुनं वाचनालय रिकामं करायचं होतं. घरोघरी केबल आल्यापासून तिथे कुणी फिरकत नव्हतं, आणि वाचनालयाच्या नव्या मंडळाला त्या खोलीत मुलांसाठी अभ्यासिका काढायची होती. पुस्तकं निवडायला कॉलेजातल्या आम्हा पाच-सहा जणांना बोलावलं. चांगली एका बाजूला, रद्दी एका बाजूला. रद्दीच्या बाजूला मला ती दिसली. बारा. एकाच मापाच्या कापडी बांधणीतल्या बारा जुन्या भयकादंबऱ्या आणि अद्भुत कादंबऱ्या. मी चाचरत सेक्रेटरींना विचारलं, मी नेऊ का.

“भुतं ना ती? ने बाई. तेवढीच जागा झाडून निघेल.”

मी इतकी हरखले होते की पुढचं सगळं घाईत झालं. टेबलाच्या मागे फडताळात एक खण होता. त्यात सुट्या पानांच्या जुड्या, दोऱ्याने बांधलेल्या. कव्हर नाही, नाव नाही, वाक्याच्या मधूनच सुरू होणाऱ्या. प्रत्येक जुडीवर निळ्या पेन्सिलीने एक आकडा. माझ्या वर्गातल्या मुलीने विचारलं, “याचं काय करायचं गं?”

मी म्हटलं, “सुटी पानं आहेत. रद्दी.”

एरवी मला कुणी काही विचारलं की मी दोनदा अडखळते. त्या दिवशी अडखळले नाही.

त्याच रविवारी दुपारी मी बांधावर बसून पहिली कादंबरी वाचली, एका संस्थानिकाच्या वाड्यातल्या विहिरीची. विहिरीतून बांगड्यांचा आवाज येतो, घरातली माणसं एकेक करून तिच्या काठाशी ओढली जातात. शेवटी घरातली धाकटी मुलगी अनवाणी पायांनी मागच्या दाराशी येते, कडी काढते, आणि... पुढे पान नाही. मला वाटलं, फाटलं असेल. दुसरी कादंबरी काढली, आरशाची. तीही तशीच, वाक्यात तुटलेली. तिसरी. चौथी. मग मी वाचायचं सोडून नुसती शेवटची पानं उघडून बघू लागले. बाराच्या बारा. एवढ्या भुतांनी मला जे केलं नव्हतं ते त्या बारा तुटक्या वाक्यांनी केलं. लख्ख उन्हात अंगावर काटा आला.

वाचनालय चाळीस वर्षं सांभाळणारे नाना गावातच राहायचे, वसईच्या जुन्या बाजारामागे. कॉलेज सुटल्यावर मी त्यांचं घर शोधत गेले. वय ऐंशीच्या पुढे, दोन्ही डोळ्यांनी जवळजवळ काही दिसत नाही. सूनबाईंनी मला आत नेलं. नाना आरामखुर्चीत बसले होते, आणि मी पुस्तकांचं नाव काढताच ताठ झाले.

“भुताची पुस्तकं परत यायची नाहीत गं. संतचरित्र नेलं की दुसऱ्या दिवशी दारात. भूत नेलं की माणूस रस्ता बदलायचा. याच्याकडून त्याच्याकडे, त्याच्याकडून मेव्हण्याकडे! मग मी एक युक्ती केली. शेवटचा फर्मा उसवून घ्यायचा.”

“फर्मा म्हणजे?”

“सोळा पानांची घडी. पुस्तक अशा घड्या शिवूनच होतं. शेवटची घडी माझ्या खणात. बाकीचं पुस्तक घरी न्या, खुशाल वाचा. शेवट हवा तर वाचनालयात या, बाकावर बसा, वाचा, पुस्तक जमा करा. एक पुस्तक गेलं नाही त्यानंतर.” ते हसले. “लोक शिव्या द्यायचे मला. पण यायचे.”

फडताळातल्या त्या दोऱ्याने बांधलेल्या जुड्या माझ्या डोळ्यांसमोर आल्या.

“आता वाचनालय आवरतायत म्हणे,” नाना म्हणाले. “बरं झालं तू आलीस. तो खण मला आणून दे. डोळे असतानाच शिवायचे होते सगळे, उद्या करू म्हणत राहिलो. सुनेला सांगितलं तर ती म्हणते, मला भुतं नकोत घरात. तू शिवशील? मी सांगेन कसं ते. आपण तोडलं ते आपणच जोडून जायला हवं.”

मला सांगता आलं असतं की मंडळाने टाकलं. ते खोटंही ठरलं नसतं. नाना विचारायला कुठे जाणार होते? मी खूप वेळ त्यांच्या पायांतल्या चपलांकडे बघत राहिले.

“नाना, तो खण रद्दीत गेला.”

“कुणी दिला?”

“मी.”

आतून सूनबाईंच्या कुकरची शिट्टी झाली. मग त्यांनी विचारलं, “निळ्या पेन्सिलीने आकडे घातले होते मी. दिसले नाहीत?”

“दिसले.”

“हं,” नाना म्हणाले. त्या ‘हं’मध्ये राग असता तर मला बरं वाटलं असतं.

रद्दीवाल्याने सांगितलं, सुटी पानं गेली पाचूबंदरच्या सुकटवाल्यांकडे, पुड्या बांधायला. त्या आठवड्यात मी तीनदा तिथे गेले. ऑक्टोबरात पाचूबंदरला ऊन असं असतं की वासालासुद्धा धार येते. बांबूंवर बोंबील लटकलेले, खाली जवळ्याची लाल चादर पसरलेली, आणि मी एकेका टोपलीपाशी वाकून कागद बघत चाललेली. एका कोळी मावशीने शेवटी कमरेवर हात ठेवले.

“काय गो बाय, काय हरवलंय?”

“मावशी, पुड्यांचे कागद बघू का जरा? जुन्या पुस्तकाचे आहेत.”

“कागद?” ती शेजारणीकडे वळून ओरडली, “ऐकलंस काय गो? हिला सुकट नको, कागद पायजे! शिकलेली पोर हाय!”

“पुडी फाडून सुकट ओटीत दे तिच्या,” शेजारीण म्हणाली, आणि दोघी खदखदून हसल्या. मीही हसले. रडू येत होतं म्हणून हसले, असं आता वाटतं.

पण मावशी मनाची मोठी. तिने टोपल्या हलवून दाखवल्या. सुटी पानं मिळाली काही, पण कुठल्या कादंबरीतली कुठली, काही लागेना. शेवटी ती स्वतः उठली. तिच्या बुडाखाली घडी करून ठेवलेला एक जाड गठ्ठा होता, ओल्या जमिनीवर बसायला घेतलेला. दोरा अजून सुटला नव्हता. निळा आकडा पुसट दिसत होता. सोळा पानं. बारा शेवटांतला एक.

“ने,” मावशी म्हणाली, “पन मला बसायला दुसरा काय तरी दे.” मी तिला माझी इंग्रजीच्या नोट्सची वही दिली. त्या परीक्षेत मला काय पडलं ते लिहीत नाही.

घरी मात्र सुकटीचा ढीग झाला होता, कारण नुसता कागद मागायची लाज वाटून मी सगळीकडे पुड्या घेत होते. आय चार दिवस बोलली नाही, पाचव्या दिवशी म्हणाली, “आठ दिस सुकटच खातोय. भात कोन कापनार? ती तुजी भुतां येतील काय विला घेऊन?”

तिचं चुकत नव्हतं. शेत उभं होतं. मी पहाटे उठून दोन पट्टे कापायची, मग अंगावर पाणी घेऊन एसटी, मग कॉलेज, मग नानांकडे. बोटांना विळ्याचे घट्टे, पायांत कुसळं. वर्गात मागच्या बाकावर डोळे मिटायचे. त्या महिन्यातला थकवा मला अजून आठवतो, कारण तो कधी पुरता उतरलाच नाही. शिकणाऱ्या पहिल्या मुलीला दोन ठिकाणी पुरं पडायचं असतं, आणि ती दोन्हीकडे थोडी कमीच पडते. हे मी तक्रार म्हणून सांगत नाही. एवढंच की तेव्हा मला वाटायचं, सगळ्यांचं असंच असतं.

सापडलेल्या सोळा पानांचं मी नानांना लगेच सांगितलं नाही. जरा वाळवून, पुसून, नीट करून न्यावीत असं वाटलं. त्याआधीच नाना म्हणाले, “कागद गेले तर गेले. मला सगळे शेवट पाठ आहेत. वही आण, मी सांगतो, तू उतरून घे.”

आणि ते सांगू लागले. रोज एक शेवट. डोळे मिटून, खुर्चीच्या हातावर बोटांनी ठेका धरून. आरशातला माणूस बाहेर येत नाही. घरची मोलकरीण आरसा पुसताना त्याच्याशी बोलायला लागते, म्हणून तो आतच सुखाने राहतो. पितळी यंत्रातून आकाशात गेलेला शास्त्रज्ञ बायकोच्या हाकेने परत येतो. विहिरीच्या कादंबरीत धाकटी मुलगी कडी काढते. दारात विहिरीतली बाई उभी असते, ओलीचिंब. मुलगी तिला आत घेते, कोरडं लुगडं देते. ती बाई त्या घरात तांदूळ निवडत बसते आणि तिथेच राहते. बांगड्यांचा आवाज मग विहिरीतून येत नाही, स्वयंपाकघरातून येतो. मी लिहिताना थांबले होते. एवढं सुंदर काही मी कधी उतरून घेतलं नव्हतं.

बारा दिवसांत बारा शेवट झाले.

मग मी ती सोळा पानं वाचली. ती विहिरीच्याच कादंबरीची होती. छापलेला शेवट वेगळा होता. धाकटी मुलगी कडी काढते आणि बाहेर जाते. बस. बांगड्या वाजतात. सकाळी तिचं परकर-पोलकं काठावर मिळतं. आई वेडी होते. विहीर बुजवतात, आणि बुजवलेल्या मातीवर पहिल्या रात्रीपासून लहान पावलं उमटू लागतात.

मी ती पानं घेऊन दोन दिवस फिरले. कॉलेजच्या पायऱ्यांवर बसून दोनदा पुन्हा वाचली, जणू वाचल्याने बदलतील. म्हातारा माणूस. दिसत नाही. चाळीस वर्षं सांभाळलेल्यातलं हाती उरलंय ते एवढंच, त्याला वाटतं ते त्याला आठवतं. ते आठवणंही मी काढून घ्यायचं का? खण मी घालवला होताच.

तिसऱ्या दिवशी मी गेले आणि म्हटलं, “नाना, एक फर्मा सापडला. विहिरीचा.”

त्यांनी दोन्ही हात पुढे केले. मी पानं हातात दिली. ते कितीतरी वेळ नुसते चाचपत राहिले. वास घेतला, आणि म्हणाले, “जवळा!” मग परत दिली. “वाच.”

मी पानं मांडीवर ठेवली, आणि पिशवीतून वही काढून त्यांनीच सांगितलेला शेवट वाचू लागले. बाई ओलीचिंब उभी. मुलगी कोरडं लुगडं देते. मी पान उलटलं.

“थांब,” नाना म्हणाले. “हा वहीचा कागद.”

मी वही मिटली.

“जुना कागद असा करकरीत नाही वाजत. चाळीस वर्षं ऐकलाय मी. काय लिहिलंय छापलेल्यात?”

“नाना, ते... ते वेगळं आहे.”

“वाच.”

मी वाचलं. माझा आवाज वर्गात होतो तसा झाला होता. परकर-पोलक्यापाशी आले तेव्हा सूनबाई दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. शेवटची ओळ वाचून मी पानं मिटली. नाना पुढे झुकले.

“तुला एक सांगतो, कुणाला सांगू नकोस. मी ही पुस्तकं कधी वाचलीच नाहीत.”

“म्हणजे?”

“भीती वाटायची मला. लहानपणापासून. फर्मा उसवताना एक ओळ दिसली तरी घाम फुटायचा. बाकावर वाचणारे वाचायचे, आणि मी टेबलावरून विचारायचो, काय झालं हो शेवटी? लोक सांगायचे नाहीत, उगाच छळायचे. एक शाळेतल्या बाई होत्या, दर गुरुवारी यायच्या. त्या मात्र प्रत्येक पुस्तकाचा शेवट मला नीट बसून सांगायच्या. बाराही त्यांनीच सांगितले.” ते थांबले. “त्यांना कळलं असणार मी भितो ते. चेहऱ्यावर दिसत असेल माझ्या.”

सूनबाई हळूच म्हणाल्या, “बाबा, तुम्ही आणि भुताला भिता?”

“अगं, तू बोलूच नकोस. तुला सांगितलं शिव, तर तू काय म्हणालीस?” सगळेच थोडं हसलो. मग त्यांची बोटं खुर्चीच्या हातावर स्थिर राहिली. “किती सांभाळून घेतलं बाईंनी मला,” ते म्हणाले. “बारा वेळा.”

मी विचारलं, उरलेल्या अकरांना वहीतले शेवट शिवू का? मला खरंच वाटत होतं तसं करावं. पुस्तकं पुरी झाली असती. त्यांनी जोडून जायचं म्हटलं होतं, ते झालं असतं. आणि मला वाटतं माझी चूकही थोडी झाकली गेली असती.

“नाही,” नाना म्हणाले. “ते बाईंनी माझ्यापुरतं केलेलं होतं. वाचणाऱ्याला छापलेलं मिळायला हवं. हा सापडलेला शिव, मला तो आवडला नाही तरी शिव. बाकी अकरांना सोळा-सोळा कोरी पानं लाव. पानांचे आकडे घाल वर. कधी कुणाला कुठे दुसरी प्रत मिळाली, तर उतरून घ्यायला जागा तरी असेल. आणि किती गेलंय ते दिसेल.”

“आणि वही?”

“वही माझ्याकडे ठेव. मला वाचता येत नाही, पण असू दे.”

मी त्यांच्या उशाशी वही ठेवली. अजून ती तिथेच आहे. नाना आता फार बोलत नाहीत. मी गेले की हात उचलतात.

शिवायला मला दिवाळीच्या आधीचे पाच दिवस लागले. नाना सांगायचे: दाभण इथे टोच, दोरा ओढू नकोस, कागद फाटेल, सैल ठेव, पुस्तकाला उघडायला जागा लागते. विहिरीच्या कादंबरीपासून सुरुवात केली. तिचा शेवटचा टाका घातला तेव्हा नानांनी पुस्तकाच्या पाठीवरून बोट फिरवून बघितलं. मग कोरी पानं. अकरा वेळा सोळा. प्रत्येकाच्या वर पेन्सिलीने आकडा, आधीच्या पानाच्या पुढचा. दोनशे पंचवीस, दोनशे सव्वीस. खाली काही नाही. इतकी निःशब्द पानं मी कधी हाताळली नव्हती. बोटं विळ्याने आधीच सोललेली, त्यात दाभण. सातव्या पुस्तकापाशी माझा एक टाका चुकला आणि मी उसवून परत घातला, कारण तिथे तरी मला काही अर्धवट सोडायचं नव्हतं.

शेवटचं पुस्तक बांधून मी घरी आले तेव्हा आय ओट्यावर बसून पाय चोळत होती. समोर शेत अर्धं कापलेलं, अर्धं उभं. माझे बाबा विहिरीवर हातपाय धूत होते. पिशवी खाली ठेवली आणि मी तिच्या शेजारी बसले. बसले म्हणण्यापेक्षा कोसळले.

“झाला काय तुजा?” आयने विचारलं.

“एक पुरं झालं. अकरा राहिली.”

तिने माझा हात ओढून घेतला, बोटं उलटीपालटी करून बघितली. विळ्याच्या घट्ट्यांच्या बाजूला दाभणाची नवी भोकं. तिला कुठलं कशाने झालंय ते कळलं असणार.

“आमचा बी अर्धा राहिला,” ती शेताकडे बघत म्हणाली. “जेव आदी. उद्या दोघी मिलून कापू.”